किटमधून जोडलेल्या विमानाचे पहिले पाच तास

गॅरेजमध्ये जोडलेलं दोन आसनांचं विमान कागदोपत्री उडायला मोकळं झालं, तरी अमेरिकेत ते लगेच कुठेही नेता येत नाही. तिथलं विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, प्रमाणपत्रासोबत एक हद्द आखून देतं. चाचणीचे तास पुरे होईपर्यंत त्या हद्दीतच उडायचं आणि शेजारी प्रवासी बसवायचा नाही. हा ‘पहिला टप्पा’.

किती तास, याचं उत्तर विमानाच्या वर्गावर ठरतं. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेलं असेल, तर रूढ आकडा ४० तासांचा. इंजिन आणि प्रोपेलरची प्रमाणित जोडी असेल तर २५. (कांदिवलीत घराच्या गच्चीवर अमोल यादव यांनी घडवलेलं सहा आसनी विमान आपल्याकडे गाजलं, ते या स्वनिर्मित परंपरेतलं.) पण व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-१२ सारखं ‘एक्सपेरिमेंटल लाइट स्पोर्ट’ (हलक्या हौशी विमानांचा वर्ग) किट, म्हणजे तयार सुट्या भागांचा संच, जोडलं, तर साधारणपणे ५ तासच लागतात. २००४ च्या मूळ नियमांनुसार या वर्गाचं जमिनीवरून उडणारं विमान ६०० किलोपर्यंतचं आणि जास्तीत जास्त दोन आसनांचं असायचं; त्याचा सरळ उड्डाणातला वेग १२० नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किमी) आत आणि फ्लॅपविना, म्हणजे पंखामागच्या उचल वाढवणाऱ्या झडपा न उघडता, स्टॉलचा (पंख उचल सोडतो तेव्हाचा) वेग ४५ नॉटच्या आत असावा लागायचा.

ही सवलत वाटते, पण तिच्यामागे साधा हिशेब आहे. किट विकणाऱ्याने त्याच मॉडेलचं निदान एक विमान आधी स्वतः बांधून, उडवून मानकांवर उतरवलेलं असतं आणि जोडणाऱ्याने पुस्तिकेबाहेर एक रिव्हेटही मारायचा नसतो. म्हणजे डिझाइनची परीक्षा झालेली असते. उरते ती जोडणाऱ्याच्या हाताची. कुठे नट कमी आवळला गेला, कुठे नळीत कचरा राहिला, कुठे तार उलटी बसली, एवढंच शोधायचं असतं.

यातलं बरंचसं जमिनीवरच सापडतं. कंट्रोल स्टिक मुठीत धरा, अंगठा वर उभा ठेवा आणि स्टिक डावीकडे न्या. अंगठा ज्या बाजूला झुकला, त्याच बाजूचा एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान कलवणारी झडप) वर उचलला गेला पाहिजे. उलटा बसलेला एलेरॉन जमिनीवर सहज नजरेतून सुटतो आणि चाकं जमिनीवरून उचलल्यावर दुरुस्त करायला वेळ मिळत नाही.

मग इंधनाचा प्रवाह. आरव्ही-१२ मध्ये बसणारं १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिन टेकऑफला पूर्ण ताकदीवर तासाला सुमारे २७ लिटर पेट्रोल पितं. पंप असेल तर नळीतून त्याच्या १२५ टक्के, निव्वळ उतारावर इंधन येत असेल तर १५० टक्के प्रवाह मिळायला हवा. म्हणजे पंधरा मिनिटांत पंपाने साडेआठ लिटर, उताराने दहा लिटर. नळी इंजिनापाशी सोडवून मापाच्या भांड्यात घ्या. पण विमानाचं नाक चढाईइतकं वर करून आणि टाकीत थोडंच इंधन ठेवून. सपाट उभ्या विमानाची मोजणी फसवी असते, कारण इंजिनाची तहान सर्वांत जास्त असते ती चढताना, आणि सीटमागची टाकी नेमकी तेव्हाच इंजिनाच्या खाली जाते. मोजणी झाली की फिल्टर उघडा. ड्रिलचा कीस आणि सीलंटचे तुकडे तिथे भेटतात.

रोटॅक्सचं तेल पाहण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवावा लागतो, तोही त्याच्या चालत्या दिशेनेच आणि इग्निशन बंद असल्याची खात्री करून. टाकीतून गुडगुड आवाज आला की इंजिनात साचलेलं तेल परत आलं. त्यानंतरच तेल मोजायच्या काडीवरची खूण खरी.

धावपट्टीवर वेगाने पळवून बघण्याचा मोह मात्र आवरावा. हलकं विमान नको तेव्हा जमीन सोडतं, आणि पुढे पट्टी उरलेली नसते.

पहिलं उड्डाण पहाटेच्या शांत हवेत करावं, इंजिन बंद पडलं तरी धावपट्टीवर तरंगत परत येता येईल इतक्या टप्प्यात राहून. मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर या इंजिनाला फक्त पाच मिनिटांची मुभा आहे, नंतर ५५०० च्या आत. निदान ३००० फूट उंची मिळाली की उतरताना लावतात तेवढे फ्लॅप लावून वेग सेकंदाला एक नॉट या गतीने कमी करा आणि पंख उचल सोडतो तेव्हाचा आकडा लिहून घ्या. वेगमापकाचा काटा ४० दाखवत असेल, तर त्याच्या १.३ पट, म्हणजे ५२ वर उतरायला या. काटा थोडा खोटा असला तरी हे गणित सांभाळून घेतं. उतरल्यावर काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढून गळती, सैल क्लिप आणि घासलेल्या नळ्या शोधा.

पुढचे तास मोजमापाचे. जीपीएसवर चार दिशांना उडून वाऱ्याचा परिणाम वजा केला, की वेगमापकाची चूक कळते. चढाईसाठी ६०, ६५, ७०, ७५, ८० नॉटवर प्रत्येकी एक मिनिट चढा, दर वेळी त्याच उंचीपासून आणि वाऱ्याला काटकोनात, आणि आलेखावर मांडा: वेग आडवा, मिनिटाला मिळालेली उंची उभी. वक्राचा माथा मिनिटाला सर्वाधिक उंची देणारा वेग दाखवतो. आरंभबिंदूपासून काढलेली स्पर्शरेषा जिथे टेकते, तो कमीत कमी अंतरात चढण्याचा. झाडांची रांग समोर असते तेव्हा हा दुसरा आकडा कामी येतो.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवा. वाळूच्या पिशव्या घट्ट बांधा. स्टॉलमध्ये सरकलेली पिशवी गुरुत्वमध्य मागे नेते, आणि तो मागे गेला की स्टिक हलकी पडते, खाली झुकलेलं किंवा वर उठलेलं नाक आपोआप जागेवर येत नाही.

पाच तास ही किमान मर्यादा आहे. सगळे आकडे हाती आले नसतील तर आणखी उडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. शेवटी लॉगबुकात नोंद होते: विमान नेहमीच्या सर्व वेगांत काबूत राहतं, त्यात धोकादायक दोष नाही. त्याखाली चढाईचे दोन्ही वेग, स्टॉलचा वेग, चाचणीचं वजन, गुरुत्वमध्याची जागा आणि सही. त्यानंतर उजव्या सीटवरच्या वाळूच्या पिशव्या उतरतात आणि तिथे माणूस बसू शकतो.