४२ न्यायाधीशांमुळे बुडालेला खटला

न्यालच्या सागेत, म्हणजे आइसलँडच्या एका जुन्या गद्यकथेत, न्यालला त्याच्या कुटुंबासह घरात जाळून मारतात. त्यानंतरचा खटला पानंच्या पानं चालतो. अनेक वाचक ही पानं उलटून पुढे जातात, पण सागेतला सर्वात थरारक भाग मला तोच वाटतो.

आइसलँडमध्ये सुमारे ९३० सालापासून दर उन्हाळ्यात थिंगवेलिर इथे आल्थिंग ही साऱ्या देशाची सभा भरू लागली. कायदे होते, न्यायालयं होती. राजा आणि पोलीस मात्र नव्हते. समन्स बजावणं, साक्षीदार जमवणं, निकालानंतर शिक्षा अमलात आणणं, सगळा भार फिर्यादीवर. कायदेही १११७ च्या हिवाळ्यापर्यंत तोंडपाठच. कायदेवक्ता दरवर्षी एक तृतीयांश भाग सभेला म्हणून दाखवी. म्हणून प्रत्येक पायरी साक्षीदारांसमोर, ठरलेल्या शब्दांत पार पाडावी लागे. एक पायरी चुकली की दावा बाद.

जाळपोळ करणाऱ्यांचा म्होरक्या फ्लोसी. त्याची बाजू एयोल्फ लढवतो, फिर्याद मोर्द चालवतो. मोर्दला सल्ला देणारा थोरहाल हा न्यालच्याच हाताखाली कायदा शिकलेला, पण पायाला गळू झाल्यानं तंबूत पडून आहे. निरोप्यांची सारखी ये-जा चालते. घटनास्थळाजवळचे ९ शेजारी पंच म्हणून बोलावले आहेत. एयोल्फ त्यांतल्या काहींवर एकामागून एक हरकती घेतो. चौघांच्या बाबतीत म्हणणं असं, की त्यांच्याहून जवळ राहणारे लोक होते. थोरहालचं उत्तर येतं: उरलेले ५ हे बहुमत आहे, तेवढ्यावर निर्णय देता येतो.

खरा सापळा वेगळाच होता. देशाच्या चार विभागांची न्यायालयं वेगळी, आणि आरोपी ज्या विभागातल्या सरदाराशी जोडलेला, तिथेच दावा लावायचा. फ्लोसीनं आपलं सरदारपद गुपचूप भावाला देऊन स्वतःला उत्तर विभागातल्या सरदाराशी जोडून घेतलं होतं. मोर्दनं दावा लावला पूर्व विभागाच्या न्यायालयात. अधिकारक्षेत्रच चुकलं!

पण एयोल्फनं वकिलीसाठी सोन्याचं कडं घेतलं होतं, आणि तो गुन्हा होता. त्यासाठी मोर्द पाचव्या न्यायालयात जातो. सुमारे १००५ साली स्थापन झालेल्या या न्यायालयात ४८ जण बसत. दोन्ही पक्षांनी ६-६ वगळून निकाल ३६ जणांनी द्यायचा. प्रतिवादीनं आपले ६ वगळले नाहीत, तर तेही फिर्यादीनंच वगळायचे. मोर्द नेमकं हेच विसरतो. निकाल ४२ जणांनी दिला म्हणून तोही रद्द.

हे कळताच थोरहाल भाल्यानं स्वतःचं गळू फोडतो, बाहेर पडतो आणि समोर आलेल्या फ्लोसीच्या नातलगाला ठार करतो. सभेच्या मैदानातच लढाई पेटते. तीत मुलगा गमावलेला हाल्ल मुलाची भरपाई सोडून देतो, तेव्हा कुठे तडजोडीची बोलणी सुरू होतात.

ही सागा लिहिली गेली १२८० च्या सुमारास, घटनेनंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी. तिच्यातले काही तपशील ‘ग्रागास’ या कायदेसंग्रहाशी जुळत नाहीत.