सरस ठरण्याचा संकोच

परीक्षेत, कामात किंवा स्पर्धेत आपण दुसऱ्याच्या पुढे गेलो आणि ते त्याच्या मनाला लागले आहे, या जाणिवेने पुढे गेलेल्याला येणारे अवघडलेपण. यशाचा आनंद खोटा नसतो. तो असतोच, पण त्याच वेळी अपराधी वाटते, नाते बिघडेल अशी धास्ती वाटते आणि समोरच्याच्या नजरेला नजर देणे जड जाते. या अवस्थेला विनय म्हणणे चूक आहे. विनयी माणसाला आपल्या यशाचा बडेजाव नको असतो. इथे माणसाला यश हवे असते, त्याची दुसऱ्याला बसणारी झळ तेवढी नको असते.

माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून जोखतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये सामाजिक तुलनेच्या सिद्धांतात मांडला. त्यानंतरचे बरेचसे संशोधन तुलना करणाऱ्याचे झाले : मागे राहिलेल्याला काय वाटते, तो स्वतःची समजूत कशी घालतो. ज्याच्याशी तुलना केली जाते त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. ही उणीव ज्युली एक्सलाइन आणि मार्सी लोबेल यांच्या १९९९ मधील लेखाने भरून काढायला सुरुवात केली. त्यांच्या मते हा त्रास होण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. समोरचा स्वतःची आपल्याशी तुलना करतो आहे आणि त्यात तो कमी पडतो आहे, असे पुढे गेलेल्याला वाटले पाहिजे. त्या तुलनेने समोरचा दुखावला आहे, असेही वाटले पाहिजे. आणि त्याची काळजी लागली पाहिजे. काळजी समोरच्याची असेल, स्वतःची असेल (तो राग धरेल, पाठीमागे बोलेल) किंवा दोघांमधल्या नात्याची. प्रत्यक्षात या तिन्ही काळज्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

पहिल्या दोन गोष्टींत ‘वाटले’ हे महत्त्वाचे. समोरचा खरोखर दुखावला असण्याची गरज नाही. तो निवांत असला तरी पुढे गेलेला माणूस त्याच्या गप्प बसण्यातून नाराजी वाचू शकतो. उलट समोरचा आतून जळत असला आणि पुढे गेलेल्याला त्याचा पत्ता नसला, तर हा संकोच उद्भवतच नाही.

परक्याला हरवताना सहसा काही वाटत नाही; जिवलग मित्राला किंवा सख्ख्या भावंडाला मागे टाकले की पोटात कालवते. याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ एब्राहम टेसर यांच्या मांडणीतून होतो. जवळच्या माणसाचे यश आपल्याला महत्त्वाच्या नसलेल्या क्षेत्रात असेल, तर आपल्याला त्याचा अभिमान वाटतो. तेच यश आपण स्वतःची ओळख ज्यावर उभी केली आहे त्या क्षेत्रात असेल, तर ते सलते. म्हणून गाणारीला चित्रकार बहिणीचे कौतुक करणे सोपे जाते आणि एकाच पदासाठी धडपडणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी एकीला ते मिळाले की दोघीही अवघडतात.

या संकोचाची गल्लत ‘यशाच्या भया’शी वारंवार होते. ही संकल्पना मानसशास्त्रज्ञ मटिना हॉर्नर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मांडली. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या सत्राअखेर वर्गात पहिली आलेल्या ॲन नावाच्या मुलीची गोष्ट त्यांनी विद्यार्थिनींना पुढे लिहायला सांगितली. अनेकींच्या गोष्टीत ॲन एकटी पडली. स्त्रियांच्या मनातच यशाची भीती असते, असा अर्थ त्यातून काढला गेला. पुढे पुरुषांनाही ॲनची गोष्ट लिहायला दिली, तेव्हा त्यांनीही तिच्या वाट्याला वाईटच लिहिले. त्यामुळे त्या गोष्टींत मनातल्या भीतीपेक्षा, पुढे गेलेल्या बाईला समाज काय किंमत मोजायला लावतो याची नेमकी जाण दिसते, असे मानणे अधिक न्याय्य ठरते.

संकोचावर माणसे नाना उपाय करतात. यशाचे श्रेय नशिबाला देतात, स्वतःच्या उणिवा पुढे करतात, विषय बदलतात, भेटणे टाळतात. काही मुले उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाहीत. यात होणारे नुकसान कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही, म्हणून ते विशेष गंभीर. काही जण अधिक मदत करू लागतात. नील्स व्हान द व्हेन आणि सहकाऱ्यांच्या २०१० मधील प्रयोगांत, आपला द्वेषमूलक हेवा केला जाईल अशी भीती असलेले लोक हेवा करू शकणाऱ्यांना अधिक साहाय्य करताना आढळले.

सर्वांत सहज सुचणारा उपाय म्हणजे यश लपवणे. तोच बहुधा उलटतो. ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लेव्हिन आणि ओव्हुल सेझर यांच्या संशोधनानुसार, जवळच्याने आपल्यापासून यश लपवले हे कळल्यावर लोकांना अपमान झाल्यासारखे वाटते. आपल्याला ते पेलणार नाही असे त्याने परस्पर ठरवून टाकले, हे त्यांना खटकते आणि नात्यातला विश्वास उणावतो. लपवणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा समोरच्याला जपण्याचाच असतो. पण समोरच्याला काय वाटेल याचा त्याचा अंदाज मुळात न विचारता बांधलेला असतो.