गोल्फमधील क्लबची निवड

चेंडू किती अंतरावर टाकायचा आहे हे पाहून पिशवीतल्या क्लबांपैकी, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांपैकी, योग्य तो निवडणे, हे गोल्फमधील मूलभूत कौशल्य आहे. एका फेरीत खेळाडूला जास्तीत जास्त 14 क्लब जवळ ठेवता येतात. ही मर्यादा अमेरिकेत 1938 साली आणि ब्रिटनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी लागू झाली.

अंतर मुख्यतः क्लबच्या तोंडाचा कल, म्हणजे लॉफ्ट, आणि दांड्याची लांबी यांवर ठरते. सर्वांत लांब फटक्यासाठीच्या ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण 9 ते 12 अंश, तर जवळच्या उंच फटक्यांसाठीच्या वेजांपैकी पिचिंग वेजचा 44 ते 48 अंश आणि सँड वेजचा 54 ते 58 अंश असतो. लॉफ्ट जितका जास्त आणि दांडा जितका आखूड, तितका चेंडू उंच उडतो, जवळ पडतो व पडल्यावर लवकर थांबतो. लागोपाठच्या दोन आयर्नमध्ये (धातूच्या पातळ तोंडाच्या, क्रमांक दिलेल्या क्लबांमध्ये) सामान्यतः 10 ते 15 यार्डांचा फरक पडतो. मात्र क्लबवरच्या आकड्यावर विसंबू नये. जुन्या संचातील सात नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट 34-35 अंश असे, नव्या संचांत तो 30 अंशांच्याही खाली आलेला आढळतो. त्यामुळे दुसऱ्याचा सात नंबर किती लांब जातो, हे विचारून आपला क्लब ठरवता येत नाही.

नवशिक्याची खरी चूक येथेच होते. एखाद्या दिवशी जमून आलेल्या सर्वोत्तम फटक्याचे अंतर तो आपले अंतर मानतो आणि चेंडू वारंवार ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, अलीकडे पडतो. सरावात एकाच क्लबने दहा-पंधरा चेंडू मारून, ते घरंगळत कुठवर गेले हे न पाहता हवेतून कुठे पडले त्याची सरासरी काढावी, हाच विश्वासार्ह मार्ग आहे. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात हे अंतर डोळ्यांपुढे आणणे सोपे आहे : 105 मीटर लांबीच्या प्रमाण मैदानाची एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंतची लांबी सुमारे 115 यार्ड भरते, आणि अनेक हौशी खेळाडूंचा पिचिंग वेज साधारण तेवढाच जातो.

मोजलेल्या अंतरात परिस्थितीनुसार बदल करावा लागतो. समोरचा वारा जितके अंतर कमी करतो, तितके पाठीमागचा वारा वाढवत नाही. चढावर अधिक लांब जाणारा क्लब घ्यावा लागतो. पावसाळ्यात भिजलेल्या गवतावर चेंडू पुढे घरंगळत नाही. त्यामुळे जुलैतील कोल्हापुरी पावसात उन्हाळ्यातला हिशेब, विशेषतः ड्रायव्हरचा, चालत नाही.

उंचीचाही परिणाम होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंचीवर असल्याने येथील हवा किनाऱ्यापेक्षा विरळ आहे व चेंडू दोन-तीन टक्के लांब जातो. पुण्याची उंची जवळजवळ तितकीच असल्याने येथे मोजलेली अंतरे तेथेही लागू पडतात. परंतु मुंबईत त्याच फटक्याला 150 यार्डांमागे तीन-चार यार्डांची तूट गृहीत धरावी.