संत जॉन कोल्ट्रेन चर्च

संत जॉन कोल्ट्रेन चर्च : अमेरिकेतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरातील एक ख्रिस्ती उपासनास्थान. जाझ सॅक्सोफोनवादक जॉन विल्यम कोल्ट्रेन (२३ सप्टेंबर १९२६–१७ जुलै १९६७) याला येथे संत मानतात आणि त्याच्याच रचना वाजवून उपासना करतात. मराठीत संतपद लोकमान्यतेने मिळते, त्याला ठराव लागत नाही. येथे मात्र ते धर्मसंस्थेने रीतसर दिलेले आहे.

कोल्ट्रेनला फ्री जाझचा (ठरावीक ठेका व स्वरसंवाद यांची बंधने झुगारणाऱ्या जाझ शैलीचा) अग्रदूत म्हणावे का, यावर मतभेद आहेत. कालक्रमाने पाहिल्यास तो मान सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन व पियानोवादक सेसिल टेलर यांच्याकडे जातो. कोल्ट्रेन त्या वाटेवर पूर्णपणे आला तो असेन्शन (१९६५) या ध्वनिमुद्रणापासून. तथापि त्याच्या नावामुळेच ही वाट अनेक तरुण वादकांना प्रतिष्ठित वाटू लागली, हे मत अधिक ग्राह्य दिसते.

यकृताच्या कर्करोगाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो वारला. २१ जुलै १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स ल्यूथरन चर्चमध्ये अंत्यविधी झाला. प्रारंभी सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर व अखेरीस कोलमन यांनी आपापल्या चार वादकांच्या संचासह वादन केले, आणि ट्रम्पेटवादक कॅल मॅसी याने कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ही प्रार्थनाकविता वाचली. चर्चची स्थापना पुढची असली, तरी तेथील उपासनेचे बीज या वाचनात शोधता येते.

ही कविता त्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेच्या (मुद्रण ९ डिसेंबर १९६४, प्रकाशन १९६५) वेष्टनावर छापलेली होती. मुद्रिकेचे चार भाग आहेत. पहिल्यात चार स्वरांचे एक छोटे पद डबल बासवर सुरू होते. पुढे सॅक्सोफोन ते बाराही स्वरस्थानांवरून फिरवतो, आणि शेवटी तेच पद माणसाच्या आवाजात, शब्दांसह ऐकू येते. चौथ्या भागात, ‘साम’मध्ये (स्तोत्र), ठेका जवळजवळ विरघळतो आणि सॅक्सोफोन लांबलांब ओळी म्हणत जातो. या ओळी म्हणजे छापील कवितेचे अक्षरश: वाद्यरूप आहे, असे संगीत-अभ्यासक लुइस पोर्टर याने दाखवून दिले. कविता समोर ठेवून ऐकल्यास शब्दामागून शब्द जुळतो. ईश्वराचे आभार मानणारी ओळ आली की स्वर दरवेळी खाली उतरून आधारस्वरावर टेकतो. आपल्याकडील वाद्यांवरच्या गायकी अंगाशी याचे साम्य जाणवेल. फरक इतकाच की येथे गायकी नव्हे, पठण वाद्यावर आले आहे. कोल्ट्रेनच्या हस्तलिखित टिपणातही हॉर्नने (म्हणजे सॅक्सोफोनने) करावयाच्या प्रार्थनापठणाचा उल्लेख असल्याने हा योगायोग मानता येत नाही.

चर्चच्या स्थापनेचे वर्ष सांगताना एकवाक्यता नाही. संस्थापक फ्रँझो व मरीना किंग या दांपत्याने १९६५ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्कोच्या ‘जाझ वर्कशॉप’ क्लबात कोल्ट्रेनचे वादन ऐकले. त्या अनुभवाला ते ‘ध्वनीने झालेला बाप्तिस्मा’ म्हणतात. नंतर घरगुती श्रवणमंडळ, त्यातून ‘वन माइंड टेंपल’ अशी नावे बदलत गेली. १९६९ व १९७१ ही दोन्ही वर्षे दिली जातात. एका दिवशी स्थापना झालीच नसावी, असे म्हणणे सुरक्षित ठरेल. या काळात कोल्ट्रेनला प्रत्यक्ष ईश्वराचा अवतार मानले जाई.

सत्तरच्या दशकात हे मंडळ कोल्ट्रेनची पत्नी, पियानो व हार्पवादक ॲलिस हिच्या प्रभावाखाली होते. स्वामी सच्चिदानंदांच्या सहवासात आलेल्या ॲलिसने तुरियासंगीतानंद हे नाव घेतले होते व कॅलिफोर्नियात वेदान्त केंद्र काढले होते. (पुत्र रवी याचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून ठेवलेले आहे.) पुढे बिनसले, आणि १९८१ मध्ये पतीच्या नावाच्या वापरावरून तिने दावा लावला. १९८२ मध्ये किंग मंडळी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती पंथात सामील झाली. तेथे कोल्ट्रेनला देव मानणे शक्य नव्हते. तडजोड संतपदावर झाली.

उपासनेत पाद्री स्वतः सॅक्सोफोन वाजवतो आणि जमलेले लोक खंजिऱ्या वाजवून साथ करतात. भिंतींवर पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेतली चित्रे असतात. त्यांतील एकात तेजोवलय असलेला कोल्ट्रेन सॅक्सोफोन धरून बसला आहे व वाद्याच्या तोंडातून ज्वाळा निघत आहेत.

डिव्हिसाडेरो रस्त्यावरील दुकानवजा जागा भाडेवाढीमुळे २००० मध्ये सोडावी लागली. नंतरची फिलमोर रस्त्यावरील जागाही २०१६ मध्ये गेली, आणि उपासना सेंट सिप्रियन्स या एपिस्कोपल चर्चच्या वास्तूत भरू लागली.