कडे-गोटी प्रयोग

कडे-गोटी प्रयोग : जडत्व (आहे त्याच गतीत राहण्याचा वस्तूचा गुण) आणि वर्तुळाकार गती यांचा संबंध दाखवणारा शालेय प्रयोग. सपाट जागेवर ठेवलेल्या कड्यात गोटी गरगर फिरवायची आणि ती फिरत असतानाच कडे झटकन वर उचलायचे, एवढीच कृती. सुटलेली गोटी वळत राहत नाही आणि केंद्रापासून थेट बाहेरही फेकली जात नाही. त्या क्षणी ती जिथे असेल तिथल्या स्पर्शिकेवरून, म्हणजे वर्तुळाला त्या एकाच बिंदूत टेकणाऱ्या रेषेवरून, सरळ निघून जाते.

गोटीला वळवते ती कड्याची भिंत. भिंतीचा केंद्राकडे जाणारा हा रेटा म्हणजे अभिकेंद्री बल. ५ ग्रॅमची गोटी ३ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला दोन फेऱ्या मारत असेल, तर हे बल सुमारे ०.०२४ न्यूटन, म्हणजे गोटीच्या वजनाच्या जवळपास निम्मे भरते. कडे उचलले की रेटा संपतो, वेग तेवढा राहतो. बाहेरून बल लागले नाही तर वस्तू त्याच वेगाने सरळ जात राहते, हा न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला गतीचा पहिला नियम इथे फरशीवर दिसतो.

कडे उचलण्याआधी प्रत्येकाकडून गोटीची वाट खडूने आखून घ्यावी. हे टाळले तर प्रयोगात फारसे काही उरत नाही. बरीच मुले वाकडी रेघ काढतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. अमेरिकेत १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वळणदार नळीतून सुटणारा चेंडू वळतच जाईल, असे अनेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनीही दाखवले होते. वर्गातल्या मुलांचा दुसरा गट ‘बाहेर ढकलणाऱ्या बला’वर अडून बसतो. नाशिकच्या मुलांना त्यासाठी कसारा घाट पुरतो : एसटी डावीकडे वळते तेव्हा प्रवासी उजवीकडे कलंडतो, कारण शरीर सरळच जाऊ पाहते आणि गाडी त्याच्याखालून वळते.

साहित्यात गोम आहे ती कड्याच्या उंचीची. काठ गोटीच्या निम्म्या उंचीहून ठेंगणा असला तर गोटी त्यावरून उडी मारते, म्हणून पातळ बांगडी चालत नाही. शिवाय काचेची बांगडी वर्गात वाढली की काचा वेचण्यातच तास जातो. चिकटपट्टीच्या रिळाचे रिकामे कडे उत्तम. शहाबादी फरशीच्या सांध्यात गोटी अडखळते, तेव्हा खाली मोठी पाटी घ्यावी. हंगामात गोटीऐवजी द्राक्ष वापरायची हौस नाशिकमध्ये कोणालाही येईल. पण सोनाकासारखे लांबट द्राक्ष डुगडुगत भरकटते आणि रेघ सरळ येत नाही.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात हेच तत्त्व दोरीला बांधलेला दगड फिरवून दाखवले आहे. तो प्रयोग मैदानावरच करावा.