लॉफ्टच्या खोलीत हीटिंग पोचत नाही? बॉयलर बदलण्याआधी हे वाचा

लंडनमधल्या हॅरो, ईलिंग, हाउन्स्लो या भागांत १९३० च्या दशकातली सेमी-डिटॅच्ड घरं गल्लोगल्ली आहेत. आपल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी अशा घरांच्या लॉफ्टमध्ये खोली काढून घेतली आहे. मुलांना अभ्यासाला जागा हवी असते, किंवा आई-बाबा भारतातून काही महिने राहायला येणार असतात. काम उन्हाळ्यात उरकतं, रंग लागतो, कार्पेट पडतं. ऑक्टोबरात हीटिंग सुरू केलं की तक्रारी येतात. वरचा रेडिएटर गारच राहतो, बॉयलरचं प्रेशर सारखं उतरतं, नाहीतर खाली हॉल उबदार आणि वर आई-बाबा शाल पांघरून बसलेले.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो नवा बॉयलर घेण्याचा. हीटिंगची कामं करणारे म्हणून आमचं सांगणं आहे की एवढा मोठा खर्च करण्याआधी पाण्याची वाट तपासून घ्या. आम्ही पाहतो त्यातल्या बहुतेक घरांत बॉयलर ठणठणीत असतो, पण त्यानं तापवलेलं पाणी वरपर्यंत जात नाही.

जुन्या टाक्यांचं काय केलं?

जुन्या घरांच्या लॉफ्टमध्ये बहुधा दोन टाक्या असतात. मोठी टाकी गरम पाण्याच्या सिलिंडरला पाणी पुरवते. छोटी टाकी रेडिएटरमधल्या पाण्याची तूट भरून काढते आणि तापून फुगलेलं पाणी सामावून घेते. पुण्या-मुंबईच्या इमारतींत गच्चीवरची टाकी नळांपेक्षा उंच लागते, तसाच इथेही सगळा खेळ उंचीचा आहे. लॉफ्टमध्ये खोली झाली की नवा रेडिएटर त्या छोट्या टाकीच्या बरोबरीला किंवा तिच्याही वर येतो. मग त्यात पाणी चढणार कसं? कितीही वेळा ब्लीड केलंत, म्हणजे रेडिएटरमधली हवा सोडलीत, तरी हवाच निघेल. कधी कधी बिल्डर टाकी उचलून छपराच्या उताराखालच्या कोनाड्यात सरकवतो. तिथे ती आणखी खाली जाते.

यावर उपाय म्हणजे सिस्टिम सील्ड करणं, म्हणजे उघड्या टाकीऐवजी बंद दाबावर चालवणं. छोटी टाकी काढायची, मेन्सचं पाणी फिलिंग लूपमधून (मेन्स आणि सिस्टिम जोडणाऱ्या नळीतून) भरायचं, आणि एक्सपान्शन व्हेसल (फुगलेलं पाणी सामावून घेणारं, हवा भरलेलं भांडं), प्रेशर गेज व ३ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवायचा. प्रत्येक जुना बॉयलर यासाठी चालतोच असं नाही, त्यामुळे कंपनीचं मॅन्युअल आधी पाहावं लागतं. शिवाय वर्षानुवर्षं कमी दाबावर चाललेले सांधे आणि गंजलेले रेडिएटर पहिल्यांदा प्रेशर आलं की पाझरू शकतात. म्हणून ही टेस्ट कार्पेट घालण्याआधी करून घ्यायचा आमचा आग्रह असतो.

मोठी टाकीही काढली, तर नळाचं गरम पाणी लागेल तसं पाणी तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरमधून किंवा मेन्सच्या दाबावर चालणाऱ्या अनव्हेंटेड सिलिंडरमधून घ्यावं लागतं. १५ लिटरपेक्षा मोठा अनव्हेंटेड सिलिंडर बसवायला वेगळी पात्रता लागते आणि त्या कामाची नोंद बिल्डिंग कंट्रोलकडे (बांधकामाचे नियम तपासणाऱ्या यंत्रणेकडे) करावी लागते. ‘कागदपत्रं नंतर बघू’ म्हणणाऱ्याला हे काम देऊ नका.

गेजचा काटा काय सांगतो

पाणी १० मीटर वर चढवायला साधारण १ बार प्रेशर लागतं. बॉयलर तळमजल्यावर स्वयंपाकघरात असेल आणि लॉफ्टचा रेडिएटर त्याच्या ६ मीटर वर असेल, तर नुसतं तिथवर पोचायलाच ०.६ बार गेले. सिस्टिम थंड असताना काटा १ ते १.५ च्या मध्ये असावा, असं म्हणतात ते यासाठीच. काटा ०.५ वर आला तरी खालचे रेडिएटर छान तापतात, आणि आपल्याला वाटतं की वरचाच खराब निघाला.

प्रेशर कमी झालं की फिलिंग लूप उघडून भरायचं, ही सवय मात्र घातक आहे. दर वेळी आलेल्या ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो आणि गंज रोखणारं इनहिबिटर पातळ होतं. प्रेशर सारखं उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्सपान्शन व्हेसलचा प्रश्न आहे. १०० लिटर थंड पाणी ८० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३ लिटरनं फुगतं. रेडिएटर वाढले म्हणजे पाणी वाढलं, पण व्हेसल तेवढंच राहिलं, किंवा त्यातली हवा गेली, तर गरम असताना काटा ३ कडे धावतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकतो. घराच्या बाहेरच्या भिंतीतून खाली वाकलेला तांब्याचा छोटा पाइप शोधा. हीटिंग चालू असताना तिथून थेंब पडत असतील, तर आम्हाला हे आवर्जून सांगा.

झोन: खरी मेख इथे

बहुतेक घरांत एकच थर्मोस्टॅट असतो आणि तो हॉलमध्ये. लॉफ्टसाठी पाइप काढताना जवळच्या बाथरूमच्या रेडिएटरला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून मोकळं होतात. हॉल २० अंशांवर आला की बॉयलर बंद. लॉफ्ट किती अंशांवर आहे, हे विचारणारं कुणीच नाही. म्हणून लॉफ्टला स्वतःचा थर्मोस्टॅट, स्वतःचं टायमिंग आणि स्वतःचा मोटराइज्ड (मोटरनं उघडणारा) व्हॉल्व्ह असावा, म्हणजे तो वेगळा झोन असावा, असं आमचं ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये १५० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या नव्या घरांत पाण्याच्या हीटिंगसाठी किमान दोन स्वतंत्र झोन अपेक्षित असतात. मागचं एक्स्टेंशन आणि लॉफ्ट धरलं तर आपली जुनी घरंही त्या आकाराच्या आसपास जातात.

वेगळा झोन दिलेला असूनही खोली गार असेल तर घरीच एक चाचणी करा. बाकी सगळे थर्मोस्टॅट खाली आणा, फक्त लॉफ्टचा वाढवा. आता व्हॉल्व्हपाशी उभे राहा. तो बहुधा सिलिंडरच्या कपाटात किंवा बॉयलरजवळ असतो. मोटरची बारीक घरघर ऐकू येते का पाहा. बाजूला छोटा लिव्हर असेल तर तो हलकेच सरकवून बघा. व्हॉल्व्ह उघडला असेल तर लिव्हर सैल लागतो, बंद असेल तर स्प्रिंगचा ताण जाणवतो. दहा मिनिटांनी व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांना जपून हात लावा. बॉयलरकडचा गरम आणि पलीकडचा गार असेल तर व्हॉल्व्ह अडकला आहे. मोटर फिरली पण बॉयलर पेटलाच नाही, तर आतला स्विच किंवा वायरिंग तपासायला हवं. आणि पहिल्या मजल्याचं हीटिंग लावल्यावरच लॉफ्ट तापत असेल, तर लॉफ्टचा पाइप पहिल्या मजल्याच्या व्हॉल्व्हच्या पुढून काढला आहे. हा दोष आम्हाला वारंवार दिसतो. तिथे बॉयलर कितीही मोठा आणलात तरी फरक पडणार नाही, पाइपच हलवावा लागतो.

उलट तक्रारही येते. हीटिंग बंद, फक्त सिलिंडर तापतोय, तरी ऐन जुलैत लॉफ्टचा रेडिएटर गरम. तिथे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, किंवा रिटर्नच्या, म्हणजे पाणी बॉयलरकडे परत नेणाऱ्या, पाइपातून गरम पाणी आपसूक वर चढतं. रिटर्नवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा) घातला की दुसरं कारण मिटतं. व्हॉल्व्हचं झाकण मात्र उघडू नका, आत २३० व्होल्ट असतात.

कोनाड्यातून जाणारे पाइप इन्सुलेशनच्या थंड बाजूला राहिलेत का, हेही पाहून ठेवा; कडाक्याच्या थंडीत ते गोठून फुटतात. आणि गॅसच्या कामाला येणाऱ्याचं, आमचंसुद्धा, गॅस सेफ कार्ड (गॅसचं काम करण्याच्या नोंदणीचं कार्ड) मागून घ्या. त्याला कोणकोणत्या कामांची परवानगी आहे ते कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं.

आम्हाला बोलावण्याआधी सिस्टिम थंड असताना गेजचा फोटो, व्हॉल्व्हचा फोटो आणि वरच्या चाचणीत काय दिसलं ते पाठवा. तेवढ्यावरून कुठले सुटे भाग सोबत आणायचे ते ठरवता येतं. लॉफ्टचं काम अजून चालू असेल तर प्लास्टरबोर्ड लागण्याआधीच कळवा. पाइप उघडे असताना झोन वेगळा करायला बरंच कमी काम पडतं, आणि नवी भिंत फोडायची वेळ येत नाही.