काट्यावरचा जास्तीचा माणूस

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, कापसाच्या ट्रॅक्टरचं वजन दोनदा होतं. आधी भरलेल्या गाडीचं, मग रिकाम्या. पहिल्यातून दुसरं वजा केलं की शेतकऱ्याचा माल निघतो. रिकाम्या वजनाच्या वेळी ट्रॉलीआड, काट्याच्या प्लेटवर ६० किलोचा एक माणूस उभा राहिला, की गाडी ६० किलोने जड होते आणि कापूस तेवढाच हलका. क्विंटलला ७,००० रुपये भाव धरा, एका खेपेत ४,२०० रुपये गेले. काट्यात बिघाड नाही, तपासणीचा शिक्काही खरा. काटेवाला, दोन हमाल, मुकादम, पावती फाडणारा कारकून, पाच जणांना हे दिसतं. हंगामभर कोणी ब्र काढत नाही.

‘भित्रे आहेत’ म्हणून मोकळं होता येतं, पण भीती ही नंतरची गोष्ट. १९६८ मध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर सोडला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. सोबत गप्प बसायला शिकवलेले दोघे असले, तर फक्त १० टक्क्यांनी. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, वाफ असेल, एसीचं काहीतरी असेल. आगीचं नाव नाही.

काट्यावर नवा हमाल पहिल्या दिवशी चमकतो आणि मुकादमाकडे बघतो. मुकादम तंबाखू मळतोय. म्हणजे इथली रीतच असेल. त्याचा स्वतःचा शांत चेहरा बघून उद्याचा नवा हमालही तेच समजणार. मनातून पाचही जणांना खटकत असेल, पण प्रत्येकाला वाटतं, खटकतंय ते मला एकट्यालाच. ‘जाऊ दे भो, आपले काय करनं शे!’ हे त्यानंतर येतं. तेव्हा हिशेबही पक्का असतो: मुकादमाकडून उचल घेतलेली, बोललो तर काम माझं जाणार, वाचणार ते अनोळखी शेतकऱ्याचे पैसे. शिवाय महिनाभराने तोंड उघडायचं तर ‘इतके दिवस काय करत होतास?’ याचंही उत्तर द्यावं लागतं.

‘मी असतो तर बोललो असतो’ म्हणणाऱ्यांसाठी ॲमस्टरडॅममधला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बघावा. एका घातक प्रयोगाची खोटी भलामण लिहून दे, असं संशोधक विद्यार्थ्याला सांगे. निनावी तक्रारीचे फॉर्म आणि पेटी खोलीतच होती. ‘तुम्ही काय कराल?’ असं नुसतं विचारलेल्यांपैकी ६४.५ टक्के म्हणाले, तक्रार करू. प्रत्यक्षात केली ९.४ टक्क्यांनी, ७६.५ टक्क्यांनी सांगितलं तसं लिहून दिलं.

मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशच्या १९५० च्या दशकातल्या, सारख्या लांबीची रेघ ओळखायच्या प्रयोगात मात्र वाट सापडते. गटातले बाकी सगळे ठरवून चूक सांगत असले की सुमारे ३७ टक्के उत्तरं गटामागे वाहवत जात. एकच माणूस खरं बोलणारा मिळाला, की हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास उतरे. म्हणून शेठकडे जाण्याआधी एक जोडीदार गाठावा. तारीख, वेळ, गाडी नंबर आणि दोन्ही वजनं रोज घरच्या वहीत टिपावीत. ऑफिसातल्या पावत्या उचलल्या तर चोरीचा आळ आपल्यावरच येतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठीचा २०१४ चा जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायदा सरकारी कारभारापुरता, त्यात निनावी तक्रार चालत नाही, आणि तो लागूच झालेला नाही. खाजगी जिनिंगमधल्या हमालाला त्याचा काय उपयोग?

तक्रार न करताही एक गोष्ट होते. रिकाम्या वजनाआधी काटेवाल्याने खिडकीतून मोठ्याने विचारायचं, ‘प्लेट मोकळी आहे का?’ हे त्याचं कामच आहे, कोणावर आळ नाही. ट्रॉलीआडच्या माणसाला मात्र खाली उतरावं लागतं, कारण आता शेतकरीही तिकडे बघतोय.